डेकवरचे दुहेरी पंख : 'सी ग्लॅडिएटर', माल्टा आणि 'ग्लोरियस'

१/
११ जून १९४०ची सकाळ. आदल्याच दिवशी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले होते. सिसिलीहून निघालेली इटालियन बॉम्बफेकी विमाने भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटावर चालून येत होती. त्यांना अडवण्यासाठी हाल फार विमानतळावरून जी मोजकी लढाऊ विमाने वर चढली, त्यांच्याकडे पाहून कोणालाही पहिल्या महायुद्धाची आठवण झाली असती. एकावर एक असे दुहेरी पंख, त्यांच्यामध्ये दांडे आणि ताणलेल्या तारा, आणि उडतानाही पोटाखाली तशीच राहिलेली चाके.

२/
ही विमाने होती 'ग्लॉस्टर सी ग्लॅडिएटर'. गंमत अशी की त्यांची खरी जागा जमिनीवर नव्हतीच. विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडण्यासाठी ती बांधलेली होती. 'ग्लोरियस' या ब्रिटिश विमानवाहू जहाजाने ती माल्टात आणून ठेवली होती, तीही खोक्यांत बंद करून. माल्टातील या विमानांची पुढे आख्यायिका झाली. त्यांना आणणारे जहाज मात्र माल्टावरील पहिल्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी नॉर्वेजवळच्या समुद्रात बुडाले होते. त्या जहाजावरही सी ग्लॅडिएटर होती.

३/
एकाच जातीचे विमान, एकच काळ आणि दोन टोकांचे शेवट. या दोन्ही घटना नीट समजून घ्यायच्या तर आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. एकपंखी स्पिटफायर आणि हरिकेन हवाई दलात दाखल झालेली असताना ब्रिटिश आरमाराच्या डेकवर द्विपंखी विमाने का उभी होती? 'आरमाराचे अधिकारी जुनाट विचारांचे होते' हे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

४/
गोष्ट सुरू होते २ ऑगस्ट १९१७ रोजी, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो या आरमारी तळावर. एडविन डनिंग या तरुण वैमानिकाने त्या दिवशी चालत्या 'फ्युरियस' जहाजावर आपले 'सॉपविथ पप' विमान उतरवले. चालत्या जहाजावर विमान उतरण्याची ही जगातील पहिलीच वेळ. विमान थांबवण्याची कोणतीही यंत्रणा डेकवर नव्हती. सहकारी अधिकारी धावत गेले आणि त्यांनी विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरून ते खाली ओढले.

५/
पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, डनिंगने तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी विमान डेकच्या कडेवरून समुद्रात कोसळले आणि डनिंग बुडून मरण पावला. पुढील वीस वर्षे डेकसाठी विमाने घडवणाऱ्या प्रत्येक अभियंत्यापुढे हेच दोन प्रसंग उभे होते. हातांनी थांबवता येईल इतके हळू उतरणारे विमान वाचते. जरा चूक झाली, तर डेकच्या पलीकडे फक्त पाणी असते.

६/
इथे थोडे विज्ञान आवश्यक आहे. विमानाचे वजन त्याच्या पंखांवर तोलले जाते. पंखांच्या प्रत्येक चौरस मीटरवर जितका भार कमी, तितक्या कमी वेगात विमान हवेत तरंगू शकते. ग्लॅडिएटरच्या पंखांवर दर चौरस मीटरला सुमारे ७० किलो भार येत असे, हरिकेनच्या पंखांवर सुमारे १२० किलो. म्हणजे हरिकेनला उतरताना बराच अधिक वेग राखणे भाग होते. लांब धावपट्टीवर हा फरक सहज पचतो. डेकवर तोच फरक जीवन-मरणाचा ठरू शकतो.

७/
मग मोठा पंख हवा, तर एकच लांब पंख का नाही? लांब पंख मजबूत करायचा तर तो जड होतो. शिवाय डेकवर आणि डेकखालच्या कोठारात जागा तोकडी. द्विपंखी रचनेने ही अडचण सुरेख सोडवली होती. पंख दोन मजल्यांत विभागले की लांबी आटोक्यात राहते. मधले दांडे आणि तिरप्या तारा मिळून पुलाच्या सांगाड्यासारखी पेटी तयार होते. वजन थोडे आणि ताकद भरपूर. ग्लॅडिएटरच्या पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी १० मीटरपेक्षाही कमी होती.

८/
या रचनेची किंमत मोजावी लागे ती हवेच्या अवरोधात. प्रत्येक दांडा आणि प्रत्येक तार हवेला अडते. इंजिनाची ताकद वाढवत नेली तरी एका मर्यादेपलीकडे वेग वाढत नाही, कारण वाढीव ताकद हवेशी झुंजण्यातच खर्ची पडते. १९२०च्या दशकात इंजिनेच बेताची असल्याने हा तोटा फारसा बोचत नव्हता. १९३०च्या दशकात हजार अश्वशक्तीची इंजिने आली आणि हिशेब पार उलटला.

९/
डेकवरचा वारा हाही या गणिताचा भाग होता. विमाने उडवताना आणि उतरवताना विमानवाहू जहाज आपले नाक वाऱ्याच्या दिशेला वळवते आणि वेग वाढवते. जहाज ३० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरने चालले, तर तेवढा वारा डेकवर आपोआप मिळतो. त्यात समोरून वाहणारा वारा मिळाला की हलके द्विपंखी विमान जेमतेम काही मीटर धावून हवेत उठे. उतरतानाही डेकच्या तुलनेत त्याचा वेग धावत्या माणसाच्या आवाक्यातला वाटे.

१०/
या काळाचे प्रातिनिधिक विमान म्हणजे 'फेअरी फ्लायकॅचर'. १९२३ ते १९३४ या काळात ब्रिटिश विमानवाहू जहाजांवर त्याचा वावर होता. एकूण १९२ बांधली गेली. पंखांच्या मागच्या कडेला, जवळजवळ पूर्ण लांबीभर, खाली वळणाऱ्या पट्ट्या होत्या. त्यांमुळे ते अगदी संथ वेगात उतरू शकत असे. 'फ्युरियस'सारख्या जहाजांवर मुख्य डेकखाली, नाकाच्या बाजूला, आणखी एक छोटा डेक होता. फ्लायकॅचर कोठारातूनच धावत सुटून या डेकवरून थेट समुद्रावर झेप घेत.

११/
विमान थांबवण्याची पद्धत मात्र बरीच वर्षे चाचपडत राहिली. आरंभी ब्रिटिशांनी डेकच्या लांबीला समांतर तारा ताणल्या. त्यांनी अपघात कमी होण्याऐवजी विमानांची मोडतोडच अधिक झाली. मग त्या काढून टाकल्या आणि काही वर्षे डेक मोकळाच राहिला. विमाने हलकी होती, म्हणून हे खपून गेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डेकवर आडव्या तारा आल्या आणि त्यांबरोबर विमानाच्या शेपटीकडे आकडा आला. आकडा तारेत अडकतो, तार ताण देत सैल सुटते आणि विमान थांबते. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

१२/
या विद्येचा प्रसारही लवकर झाला. १९२१ मध्ये ब्रिटनमधून एक प्रशिक्षण पथक जपानला गेले. फेब्रुवारी १९२३ मध्ये 'होशो' या जपानी विमानवाहू जहाजावर पहिले विमान उतरवले ते विल्यम जॉर्डन या ब्रिटिश वैमानिकाने. पुढे 'नाकाजिमा' कंपनीने ब्रिटनच्या ग्लॉस्टर कंपनीचे 'गँबेट' हे द्विपंखी लढाऊ विमान निवडले आणि त्यावरून जपानी आरमारासाठी 'ए१एन' घडवले. गँबेटचा आराखडा हेन्री फॉलंड यांचा. हे नाव लक्षात ठेवावे असे आहे.

१३/
२२ फेब्रुवारी १९३२ रोजी 'कागा' या जहाजाच्या ए१एन विमानांनी चीनमधील सूझौ शहरावर रॉबर्ट शॉर्ट या अमेरिकी वैमानिकाचे विमान पाडले. जपानच्या इतिहासातील हा पहिला हवाई विजय मानला जातो. तो मिळवला एका ब्रिटिश आराखड्यावरून बनलेल्या, डेकवरच्या द्विपंखी विमानाने. यानंतर मात्र गुरू आणि शिष्य यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

१४/
फेब्रुवारी १९३५ मध्ये जिरो होरिकोशी यांनी रचलेले 'मित्सुबिशी ए५एम' प्रथम उडाले. ते एकपंखी होते आणि तरीही डेकसाठी होते. १९३७ मध्ये चीनवरील युद्धात ते लढू लागले. अमेरिकेत ग्रुमन कंपनीने आपल्या नव्या लढाऊ विमानाचा आराखडा द्विपंखी म्हणून सुरू केला. १९३६ मध्ये तो कागदावरच रद्द करून त्याच जागी एकपंखी विमान रेखाटले गेले. त्यातूनच पुढे प्रसिद्ध 'वाइल्डकॅट' जन्माला आले. 'डेकला दुहेरी पंखच हवेत' हा नियम तोवर मोडीत निघाला होता.

१५/
मग ब्रिटन मागे का राहिले? याचे मुख्य कारण कचेऱ्यांत सापडते. १ एप्रिल १९१८ रोजी आरमाराची विमानशाखा नव्या स्वतंत्र हवाई दलात विलीन झाली. जहाजे आरमाराची आणि विमाने हवाई दलाची, अशी विचित्र वाटणी झाली. हवाई दलाचे लक्ष मोठ्या बॉम्बफेकी विमानांवर आणि मायदेशाच्या संरक्षणावर. आरमाराला विमाने हवी होती, पण ती घडवण्याचा अनुभव असलेली माणसे त्याच्याकडे उरली नव्हती. १९३७ मध्ये ही शाखा आरमाराला परत देण्याचा निर्णय झाला. प्रत्यक्ष ताबा मिळाला मे १९३९ मध्ये. युद्धाला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

१६/
मधल्या काळात आरमाराने 'स्कुआ' हे एकपंखी विमान घेतले होते. पण सूर मारून बॉम्ब टाकणे आणि लढाऊ विमानाचे काम करणे, या दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्यावर असल्याने वेगात ते कमी पडे. 'फुल्मर' हे नवे लढाऊ विमान अजून तयार व्हायचे होते. 'निम्रॉड' ही जुनी द्विपंखी विमाने झिजत चालली होती. ही पोकळी तात्पुरती भरून काढण्यासाठी हवाई दलाचे ग्लॅडिएटर डेकवर आणायचे ठरले. ग्लॅडिएटरचे रचनाकार होते तेच हेन्री फॉलंड.

१७/
ग्लॅडिएटरचा मूळ नमुना सप्टेंबर १९३४ मध्ये उडाला आणि १९३७ मध्ये तो हवाई दलात आला. ब्रिटिश हवाई दलाचे हे शेवटचे द्विपंखी लढाऊ विमान. बंद कॉकपिट, चार मशीनगन आणि ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेग. आपल्या जातीत ते उत्तमच होते. दुर्दैव एवढेच की त्याची जातच कालबाह्य होत होती. सेवेत येण्यापूर्वीच हरिकेन, स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट यांचे मूळ नमुने आकाशात उडून गेले होते.

१८/
डेकसाठी केलेले बदल मोजके होते. शेपटीकडे आकडा, जहाजावरच्या प्रक्षेपकातून उडवण्यासाठी अडकवण्याच्या जागा, धक्के सोसण्यासाठी बळकट केलेला सांगाडा. पोटाखाली दोन चाकांच्या मध्ये एक फुगीर कप्पा होता आणि त्यात हवेने फुगणारी छोटी जीवरक्षक होडी. आधी ३८ ग्लॅडिएटरना आकडे बसवून काम भागवले. नंतर ६० पूर्ण 'सी ग्लॅडिएटर' बांधली गेली. एकूण ९८.

१९/
एक उणीव राहिली. सी ग्लॅडिएटरचे पंख मिटत नसत. 'ग्लोरियस'च्या रुंद लिफ्टमधून ते सहज खाली जाई. पण 'आर्क रॉयल' या सर्वांत नव्या जहाजाच्या अरुंद लिफ्टमध्ये न मिटणाऱ्या पंखांना वाव नव्हता. म्हणजे आरमाराचे तात्पुरते लढाऊ विमान आरमाराच्याच सर्वांत आधुनिक जहाजाच्या कोठारात मावत नव्हते. घाईने शोधलेल्या उपायांत अशा फटी राहतातच.

२०/
आता नॉर्वे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. २४ एप्रिलला 'ग्लोरियस'च्या डेकवरून हवाई दलाच्या २६३व्या स्क्वॉड्रनची १८ ग्लॅडिएटर उडाली आणि लेस्यास्कूग येथील गोठलेल्या तलावावर उतरली. बर्फ हीच धावपट्टी. रात्री कार्बोरेटर गोठले, पंखांची नियंत्रणेही गोठली. सकाळी इंजिने सुरू करण्याची धडपड चालू असतानाच जर्मन बॉम्बफेकी विमाने आली. बहुतेक ग्लॅडिएटर त्या तलावावर उभ्या जागीच नष्ट झाली. काही दिवसांत उरलेलीही संपली.

२१/
मे महिन्यात नवी विमाने घेऊन हेच स्क्वॉड्रन नॉर्वेच्या उत्तर भागात, बार्डुफॉस येथे परतले. तिथे त्याने हरिकेनच्या ४६व्या स्क्वॉड्रनसह नार्विकच्या परिसराचे रक्षण केले. पण फ्रान्स कोसळत होता आणि नॉर्वेतून माघार घेण्याचा निर्णय झाला. विमाने जाळून टाकावीत असा आदेश निघण्याची वेळ आली. वैमानिकांनी मात्र ती 'ग्लोरियस'वर उतरवून परत नेण्याची परवानगी मागितली.

२२/
ग्लॅडिएटरबद्दल फारशी चिंता नव्हती. हरिकेन मात्र आकड्याशिवाय डेकवर कधीच उतरले नव्हते. वैमानिकांनी प्रयोग करून एक युक्ती शोधली. शेपटीत सुमारे ७ किलो वाळूची पिशवी ठेवली, तर उतरताच पूर्ण ब्रेक लावता येतो आणि विमान नाकावर पडत नाही. ७ जूनला २६३व्या स्क्वॉड्रनची दहा ग्लॅडिएटर उतरली. पाठोपाठ हरिकेनही उतरली आणि सर्वच्या सर्व सुखरूप. आकडा नसलेली वेगवान एकपंखी लढाऊ विमाने विमानवाहू जहाजावर उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग. वीस वर्षांची भीती वाळूच्या एका पिशवीने खोटी ठरवली.

२३/
दुसऱ्या दिवशी, ८ जून १९४० रोजी, 'ग्लोरियस' फक्त 'अकास्टा' आणि 'आर्डंट' या दोन विनाशिकांना सोबत घेऊन मायदेशी निघाले होते. मुख्य काफिल्यापासून ते वेगळे का झाले, यावर आजही वाद होतो. कमी इंधन हे अधिकृत कारण. जहाजाचे कप्तान गाय डॉयली-ह्यूज यांना एका अधिकाऱ्यावरील लष्करी खटल्याची घाई होती, हे दुसरे. वाद न होण्यासारखी गोष्ट एकच आहे. त्या दिवशी 'ग्लोरियस'चे एकही विमान टेहळणीसाठी हवेत नव्हते.

२४/
हवा स्वच्छ होती आणि दूरवरचे दिसत होते. जहाजावर सी ग्लॅडिएटर होती, टॉर्पेडो वाहणारी स्वॉर्डफिशही होती. डोलकाठीवर टेहळ्याही नव्हता. दुपारी चारच्या सुमारास जर्मन युद्धनौका 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ' यांनी 'ग्लोरियस'ला आधी पाहिले. 'शार्नहोर्स्ट'चा गोळा सुमारे २४ किलोमीटर अंतरावरून डेकवर आदळला. चालत्या लक्ष्यावर तोफेने साधलेल्या सर्वांत लांब अंतराच्या माऱ्यांपैकी तो एक आहे. कोठारात आग लागली. स्वॉर्डफिश वर आणून सज्ज करण्याची धडपड तिथेच थांबली.

२५/
दोन्ही विनाशिकांनी धुराचे पडदे सोडले आणि आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या शत्रूवर चाल केली. 'अकास्टा'च्या टॉर्पेडोने बुडण्यापूर्वी 'शार्नहोर्स्ट'ला मोठी इजा केली. संध्याकाळपर्यंत तिन्ही ब्रिटिश जहाजे समुद्रतळाशी गेली. उत्तरेच्या थंडगार पाण्यात तराफ्यांवर चढलेल्यांपैकीही बहुतेक गारठून मेले. मृतांची संख्या १,५०० हून अधिक, वाचलेले सुमारे चाळीस. आदल्या दिवशी हरिकेन उतरवणाऱ्यांपैकी केनेथ क्रॉस आणि पॅट्रिक जेमसन एवढे दोघे वाचले. ग्लॅडिएटर स्क्वॉड्रनचे प्रमुख जॉन डोनाल्डसन जहाजाबरोबरच गेले.

२६/
आता नजर पुन्हा दक्षिणेकडे, माल्टाकडे. 'ग्लोरियस' भूमध्य समुद्रात असताना १८ सी ग्लॅडिएटर माल्टात ठेवली गेली होती. त्यांपैकी काही नॉर्वेच्या मोहिमेसाठी, काही इजिप्तला गेली. उरलेली खोक्यांत पडून होती. सिसिलीपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या बेटावर अडीच लाखांहून अधिक लोक राहत होते आणि रक्षणाला एकही लढाऊ स्क्वॉड्रन नव्हते. बेटावरील हवाई दलाचे प्रमुख फॉस्टर मेनार्ड यांनी आरमाराकडून ती खोकी मागून घेतली.

२७/
एप्रिल १९४० मध्ये हाल फारला एक छोटी तुकडी उभी राहिली. तिच्यात लढाऊ विमानांचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक जवळजवळ नव्हतेच. मेनार्ड यांचे साहाय्यक अधिकारी जॉर्ज बर्जेस मूळचे उडत्या बोटींचे वैमानिक. इतर वेगवेगळ्या कामांवरून गोळा झालेले. यंत्रकारागिरांनी सुटे भाग इकडून तिकडे जुळवले. काही विमानांना 'ब्लेनहाइम' या बॉम्बफेकी विमानाची इंजिने बसवून वर चढण्याचा वेग वाढवला.

२८/
अडचण साधी आणि क्रूर होती. इटलीचे 'सॅव्होया-मार्केटी ७९' हे तीन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान ग्लॅडिएटरपेक्षा वेगवान होते. पाठलाग करून ते गाठणे अशक्य. म्हणून इशारा मिळताच वर चढायचे, शत्रूपेक्षा उंची मिळवायची आणि तिथून खाली झेप घेऊन उधार घेतलेल्या वेगाच्या बळावर एक फैर झाडायची. पहिल्याच दिवशी बेटावर आठ हल्ले झाले. प्रत्येक वेळी दोन-तीन ग्लॅडिएटर वर गेली.

२९/
२२ जूनला बर्जेस यांनी एक सॅव्होया पाडले. बेटावरच्या हजारो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. ३१ जुलैला इटलीच्या 'फियाट सीआर-४२' या लढाऊ विमानांशी गाठ पडली. तीही द्विपंखीच. त्या चकमकीत एक फियाट पडले आणि एक ग्लॅडिएटरही. पीटर हार्टली हा वैमानिक गंभीर भाजला, पण वाचला. जूनअखेरीस मोजकी हरिकेन बेटावर आली आणि २ ऑगस्टला 'आर्गस' या विमानवाहू जहाजावरून आणखी बारा पोचली. ग्लॅडिएटरचा एकाकी काळ जेमतेम काही आठवड्यांचा होता.

३०/
आख्यायिका सांगते की तीनच विमानांनी माल्टा वाचवले आणि त्यांची नावे होती 'फेथ', 'होप' आणि 'चॅरिटी', म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेमदया. बायबलच्या नव्या करारातील हे त्रिक कॅथलिक माल्टाच्या मनात सहज रुजले. इतिहास थोडा वेगळा आहे. नावे नंतर रूढ झाली. विमाने तीनपेक्षा अधिक होती, फक्त एका वेळी हवेत क्वचितच तीनपेक्षा अधिक असत. पाडलेल्या शत्रूविमानांची संख्याही फार मोठी नव्हती.

३१/
तरीही आख्यायिकेच्या गाभ्यात सत्य आहे. वर कोणीतरी आहे हे दिसले, की बॉम्ब टाकणारा वैमानिक उंची वाढवतो, फळी मोडतो, नेम चुकवतो. खाली खंदकात बसलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळते. त्याच जुलैमध्ये 'ईगल' या जुन्या जहाजावरून चार्ल्स कीली-पीच या अधिकाऱ्याने सी ग्लॅडिएटर उडवून भूमध्य समुद्रात सॅव्होया पाडली. स्वतःचे लढाऊ पथकच नसलेल्या जहाजावर ही मूठभर विमाने आरमाराची ढाल बनली.

३२/
दोन्ही घटना आता शेजारी ठेवून पाहाव्यात. माल्टात सी ग्लॅडिएटर शत्रूपेक्षा संथ होते, वैमानिक नवशिके होते, सुटे भाग नव्हते. पण विमान हवेत होते. 'ग्लोरियस'वर तेच विमान होते, प्रशिक्षित वैमानिक होते, पूर्ण डेक होता. शत्रूच्या लढाऊ विमानांशी तिथे गाठही नव्हती. दोन युद्धनौका दुरून दिसाव्यात, एवढ्यासाठी १९२३चे फ्लायकॅचरही पुरेसे ठरले असते. कालबाह्य विमानाने 'ग्लोरियस' बुडाले नाही. ते कोठारात उभे राहिले, म्हणून जहाजाला इशारा मिळाला नाही.

३३/
म्हणून 'द्विपंखी म्हणजे मागासलेपण' हा निकाल घाईचा आहे. १९२५ मध्ये डेकसाठी तो सर्वांत शहाणपणाचा आराखडा होता. १९३९ मध्ये तो उशिरा घेतलेल्या निर्णयांचा परिणाम होता. आणि डेकचे नियम द्विपंखी विमानांबरोबर संपले नाहीत. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतील सालेर्नोजवळ 'सीफायर' या स्पिटफायरच्या आरमारी रूपाने शत्रूपेक्षा डेकवरील अपघातांतच कितीतरी अधिक विमाने गमावली. सुंदर, वेगवान विमान आणि नाजूक चाके. डनिंगच्या काळचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

३४/
माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेट्टातील सेंट एल्मो किल्ल्याच्या युद्धसंग्रहालयात आज एन५५२० क्रमांकाच्या सी ग्लॅडिएटरचा सांगाडा ठेवलेला आहे. लोक त्याला 'फेथ' म्हणतात. ज्या दुहेरी पंखांसाठी हे विमान ओळखले जाते, ते पंख आता त्याला नाहीत. 'ग्लोरियस' आणि तिच्यावरची सी ग्लॅडिएटर नॉर्वेजियन समुद्राच्या तळाशी आहेत. त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत.